कलेला चौरस मीटरचा दर लावू नका

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन आपल्या मुख्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८६४ साली उभे राहिलेले हे कारंजे जेम्स फोर्सिथ या शिल्पकाराने पोर्टलंड दगडात कोरले. हा इंग्लंडमधला चुनखडीचा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात ओल घेतो, कोरड्या दिवसांत सोडतो. त्यावर तैलरंग फासला की आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मुंबईने वर्षानुवर्षे नेमके तेच केले. कारंजे मळले की पांढरा रंग मारायचा, पुन्हा मळले की पुन्हा मारायचा. जीर्णोद्धार होऊन २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झाले, पण त्याआधी संवर्धन करणाऱ्यांना हे थर दगडावरून उतरवावे लागले. थरांखाली वस्त्रांच्या चुण्या आणि कोरीव कामाचे बारकावे बुजून गेले होते. रंग मारणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात कारंज्याचे वाईट करायचे नव्हते. त्यांच्या लेखी ते रंगवण्याजोगे एक बांधकाम होते, इतकेच. ही वस्तू काय आहे, कोणत्या दगडाची आहे, तिला काय चालते आणि काय चालत नाही, हे सांगणारा कागद त्यांच्या हाती कुणी दिलेला नव्हता.

हे पत्र त्या कागदाबद्दल आहे. मुंबईत सार्वजनिक जागी कला कमी आहे, ही तक्रार अनेकजण करतात. माझी तक्रार निराळी आहे. या शहरात पुतळे, कारंजी, भित्तिचित्रे, शिल्पे भरपूर आहेत आणि दरवर्षी नवी येत आहेत. पण ती कशी निवडायची, कुणाच्या नावावर लिहायची, कोणी धुवायची आणि नकोशी झाली तर कशी हलवायची, याचे महापालिकेचे एकसंध धोरण नाही. म्हणून कला येते ती रंगकामाच्या निविदेतून किंवा एखाद्या नेत्याच्या आग्रहातून, आणि जाते ती दुर्लक्षातून किंवा रात्रीच्या अंधारात. असे धोरण आपण करावे आणि त्याचा पाया आपल्याच लेखाशीर्षांमध्ये घालावा, एवढेच मला मांडायचे आहे.

निविदेपासून सुरुवात करतो. स्थापत्य खात्यात रंगकामाचे मोजमाप चौरस मीटरमध्ये होते, दर दरपत्रकातून येतो, सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला काम मिळते, कार्यादेश निघतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि देयक मंजूर होते. नाल्याच्या भिंतीला गिलावा करायचा असेल तर ही पद्धत योग्यच आहे. जनतेचा पैसा जपण्यासाठी ती घडली आहे आणि तिला मी नावे ठेवणार नाही. पण याच निविदेच्या पोटात उड्डाणपुलाच्या खांबावरचे चित्र घातले की काय होते ते पाहा. एक चित्रकार कोळीवाड्यात महिनाभर फिरतो, तिथल्या बायकांना मासळी निवडताना पाहतो, आराखडा काढतो, तो वस्तीला दाखवतो, बदलतो आणि मग भिंतीवर उतरवतो. दुसरा संगणकावरून एक फ्लेमिंगो उचलतो, त्याचा साचा कापतो आणि ओळीने पंधरा खांबांवर छापतो. मोजमाप पुस्तिकेत दोघांचे चौरस मीटर सारखेच भरतात, आणि बोली अर्थातच दुसऱ्याची कमी असते. पहिल्याने महिनाभर जे केले त्याला त्या पुस्तिकेत रकानाच नाही. मग शहरभर तेच पक्षी, त्याच फुलपाखरांची रांग आणि तीच पोपटी पाने दिसू लागली, तर चित्रकारांना बोल लावून काय उपयोग? आपण ज्या मापाने विकत घेतो, तसाच माल आपल्याला मिळतो.

२०२२ च्या अखेरीस सुमारे १,७०० कोटी रुपयांचा मुंबई सुशोभीकरणाचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यात दिवे होते, पदपथ होते, रंगवलेल्या भिंती आणि पूल होते. शहर नीटनेटके दिसावे ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही सुशोभीकरण आणि कला या दोन गोष्टी एकाच लेखाशीर्षाखाली नांदवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सुशोभीकरणाचा हेतू जागा टापटीप दिसावी हा असतो. ते काम कुणीही करू शकतो आणि दोन-तीन वर्षांनी त्यावर नवा हात फिरवला तरी बिघडत नाही. कलाकृतीमागे एक माणूस असतो, त्याचे म्हणणे असते, आणि ती त्या जागेसाठी घडवलेली असते. तिच्यावर नवा हात फिरवला की ती संपते. दोन्हींचा पैसा एकाच खात्यातून, एकाच अभियंत्याच्या सहीने खर्च झाला, तर त्या अभियंत्याने दोन्हींकडे एकाच नजरेने पाहावे यात नवल नाही. फ्लोरा फाउंटनच्या बाबतीत तसेच झाले होते.

निगेचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे माणसांच्या जिवाचाही संबंध येतो. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे झाले नव्हते तेव्हा, तो पुतळा कोसळला. उभ्या महाराष्ट्राला त्या दिवशी वेदना झाली. दोष कुणाचा, हे ठरवणे तपास यंत्रणांचे आणि न्यायालयाचे काम आहे. त्यात मी शिरत नाही. पण त्या प्रकरणातल्या दोन गोष्टी प्रत्येक महापालिकेने समोर ठेवाव्यात. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला, प्रत्यक्ष पुतळा एवढा उंच होणार हे आपल्याला कळवलेले नव्हते, असे तेव्हाच्या संचालकांनी जाहीरपणे सांगितले. आणि पुतळा पडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याने गंजलेल्या नट-बोल्टबद्दल नौदलाला पत्र लिहिले होते. म्हणजे गंज दिसला होता आणि ज्याला दिसला त्याने लिहूनही कळवले होते. पण ज्याच्या हाती दुरुस्ती होती त्याचे कार्यालय निराळे आणि ज्याच्या डोळ्यांसमोर गंज चढत होता त्याचे निराळे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या प्रत्येक धातुशिल्पाला हाच धोका आहे, आणि मुंबई तर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेली आहे. इथे रस्ता महापालिकेचा, त्यावरचा मेट्रोचा खांब प्राधिकरणाचा, शेजारची भिंत रेल्वेची, पलीकडची गोदी बंदर प्राधिकरणाची आणि चौकातला पुतळा एखाद्या समितीने भेट दिलेला. अशा शहरात जबाबदारी कागदावर लिहिली नाही, तर ती कुणावरच राहत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो, आणि तो मोलाचा आहे. डोंगरावरच्या वस्त्यांना पुरेसे पाणी मिळत नाही, रुग्णालयात एका खाटेसाठी माणसे ताटकळतात, मग कलेवर पैसा कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कलाद्वेष्टा म्हणणार नाही. पण हा पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त तो बेहिशेबी विखुरलेला आहे. कुठे रंगकामात, कुठे उद्यानातल्या फायबरच्या प्राण्यांत, कुठे दिव्यांच्या माळांत. मी मागतो आहे तो नवा कर किंवा नवा निधी नव्हे. फिलाडेल्फियाने १९५९ साली आणि सिअ‍ॅटलने १९७३ साली सार्वजनिक कामांच्या खर्चातला १ टक्का कलेसाठी राखायचा नियम केला. त्याच धर्तीवर, पण आपल्या बेताने, महापालिकेच्या फक्त नव्या इमारतींना हा नियम लावावा: रुग्णालये, शाळा, मंडया, नाट्यगृहे, विभाग कार्यालये. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते, नाले यांच्या पैशाला हात लावू नये. १०० कोटींच्या रुग्णालयाला १ कोटी असा हा हिशेब होतो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पुढच्या २० वर्षांच्या निगेसाठी ठेव म्हणून बाजूला काढावा. २०२५-२६ या वर्षासाठी ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक मांडणाऱ्या महापालिकेला हे झेपण्यासारखे आहे. शिवाय रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात तासन्‌तास बसणारी बाई ही याच शहराची करदाती आहे. तिच्यासमोरच्या भिंतीवर नजर ठरेल असे काही असावे, याला चैन म्हणता येत नाही.

एका टक्क्याची ही कल्पना परदेशी आहे, आपल्याकडे रुजणार नाही, असे कुणी म्हणेल. त्याने कुलाब्याच्या टोकाला जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्था पाहावी. होमी भाभांनी पंडित नेहरूंकडून संस्थेच्या खर्चातला १ टक्का कलाकृतींसाठी वापरायची परवानगी मिळवली होती. देश तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता आणि अणुविज्ञानासारख्या कामासाठी पैसा मोजून-मापून मिळत होता. १९६२ साली नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले, आणि दर्शनी दालनातल्या मोठ्या भित्तिचित्रासाठी भाभांनी अनेक चित्रकारांकडून आराखडे मागवून त्यांतून मकबूल फिदा हुसेन यांचा आराखडा निवडला. आज बहुमोल ठरलेला संस्थेचा कलासंग्रह बराचसा तेव्हाच्या तरुण, फारसे नाव नसलेल्या चित्रकारांच्या कामांतून उभा राहिला. आराखडे मागवणे, ते पाहणे, निवडणे, निवडीमागे ठामपणे उभे राहणे आणि त्यासाठी आधीच पैसा बाजूला काढणे ही पद्धत या मुंबईतच साठ वर्षांपूर्वी वापरून झाली आहे. अलीकडचे उदाहरण विमानतळाचे. २०१४ साली खुल्या झालेल्या टर्मिनल २ मध्ये राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली देशभरातल्या कारागिरांच्या आणि कलावंतांच्या हजारो कृती मांडल्या गेल्या. ज्या भिंतीवर त्या मांडल्या ती तीन किलोमीटर लांबीची आहे. इमारतीचा आराखडा कागदावर असतानाच कलेचा विचार झाला तर काय घडते, ते तिथे दिसते. दुःख इतकेच, की शहरातले एवढे मोठे कलादालन ज्याच्या हातात विमानाचे तिकीट आहे त्यालाच पाहता येते. घाटकोपरच्या मंडईत किंवा गोवंडीच्या शाळेत याच्या शंभराव्या हिश्शाइतके तरी काम का होऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. निवडायचे कुणी? तज्ज्ञांच्या हाती दिले तर लोकांना न कळणारे काहीतरी माथी मारतील, आणि लोकांच्या हाती दिले तर ज्याच्यामागे जास्त माणसे त्याचाच पुतळा उभा राहील. दोन्ही भीती खऱ्या आहेत. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत उभी राहिली. निवड तज्ज्ञांच्या समितीची होती. पण त्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या कचेरीतल्या माणसांना, आपली वाट अडवणारी ही भिंत इथे का, हे कुणी आधी सांगितले नव्हते. चार वर्षांनी जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्या १८० जणांपैकी १२२ जण शिल्प ठेवावे म्हणाले आणि ५८ जण हलवावे म्हणाले, तरीही निर्णय हलवण्याचा झाला. १५ मार्च १९८९ च्या रात्री ते कापून नेण्यात आले. सुनावणी झाली, पण शिल्प उभे राहण्यापूर्वी व्हायला हवी होती ती नंतर झाली. फिलाडेल्फियात भित्तिचित्रांचा जो सार्वजनिक कार्यक्रम १९८४ पासून चालू आहे, त्यात वस्तीतल्या बैठका चित्र काढण्याआधी होतात, म्हणूनच चार हजारांच्या वर चित्रे झाली तरी ती लोकांना आपली वाटतात. माझी सूचना अशी: लोकांना चित्र निवडायला लावू नका, त्या जागी काय व्हायला नको, काय आठवायला हवे, तिथे कोण बसते, कोण चालते, हे त्यांना विचारा. त्यावरून कामाचे टिपण तयार करा, ते जाहीर करा, आराखडे मागवा, आणि निवड चित्रकार, शिल्पकार, वास्तुकार, संवर्धनतज्ज्ञ आणि त्या विभागातले दोन रहिवासी अशा छोट्या मंडळाकडे द्या. मंडळाची मुदत दोन वर्षांची असावी. आराखड्यांचे प्रदर्शन विभाग कार्यालयात महिनाभर खुले असावे आणि निवडीची कारणे लेखी जाहीर व्हावीत. १८५७ साली स्थापन झालेली सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळा आपल्या मुख्यालयाच्या हाकेच्या अंतरावर आहे. माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही.

पुतळा कुणाचा असावा हा विषय मी मुद्दाम इथपर्यंत आणला नाही. पुतळा म्हणजे राजकारण, त्याला आयुक्त काय करणार, असे म्हटले जाते. पुतळ्याभोवतीचे राजकारण मला वाईट वाटत नाही. कुणाची आठवण चौकात उभी राहावी हा लोकशाहीतला खरा वाद आहे. १९२४ साली पुण्याच्या मंडईत लोकमान्यांचा पुतळा उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी ब्राह्मणेतर चळवळीतल्या सभासदांनी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा आग्रह नगरपालिकेत धरला, तेव्हा तो फेटाळला गेला. त्या नकाराची जखम महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात खोल उमटली आहे. वाद होणारच, तो नियमांच्या चौकटीत आणि दिवसाउजेडी व्हावा एवढीच अपेक्षा आहे. नियम अगदीच नाहीत असेही नाही. राज्य शासनाची पुतळ्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते; आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश दिला आहे. पण हे नियम पुतळा उभा राहीपर्यंतचे आहेत. अनावरणाच्या दुसऱ्या दिवसापासून काय, याबद्दल ते फारसे बोलत नाहीत. आणि भित्तिचित्र, कारंजे, अमूर्त शिल्प यांना तर ते लागूही होत नाहीत. मुंबईची पुरातन वास्तू समिती १९९५ पासून आहे, पण तिची नजर जुन्यावर. दिल्लीला १९७३ च्या कायद्याने नागरी कला आयोग मिळाला. मुंबईत आजच्या कलेसाठी तसे काही नाही.

आता हलवण्याबद्दल. पुण्यात डिसेंबर २०१० मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा काढला गेला तो भल्या पहाटे; महापालिकेचा ठराव होता, तरी काम अंधारात उरकले गेले. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा रात्रीच उखडून मुठेत टाकण्यात आला; तो तर कुठल्याही ठरावाशिवाय, काही मंडळींनी परस्पर केलेला विध्वंस होता. दोन घटनांतला फरक मला मान्य आहे. पण जिथे कलाकृती हलवण्याची उघड, ठरलेली पद्धत नसते तिथे रात्रच निर्णय घेते. शासनही याला अपवाद नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्यशिल्प १९७९ साली त्यांना न विचारता भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली शासनाला दोषी धरले, पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि उरलेले अवशेष कलावंताला परत करायला सांगितले. विकत घेतलेल्या कलाकृतीवरही कलावंताचा नैतिक हक्क राहतो हा या देशाचा कायदा आहे. उद्या रस्तारुंदीकरणात एखादे भित्तिशिल्प बुलडोझरखाली गेले तर उत्तर महापालिकेला द्यावे लागेल, आणि त्या वेळी कलावंताशी केलेला करार कपाटात नसेल तर अवघड जाईल.

मुंबईने हे नीट केल्याचा दाखलाही आहे. १९६५ साली इंग्रज राजवटीतले पुतळे रस्त्यांवरून काढले गेले तेव्हा एडवर्ड सातव्याचा अश्वारूढ पुतळा वितळवला नाही. तो राणीच्या बागेत नेऊन ठेवला, आणि आजही तो तिथे पाहता येतो. शेजारीच घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो खाली पडून फुटला. त्याचे तुकडे कुणीतरी जपले, म्हणून पुढे ते सांधता आले. आणि ज्या चौकातून राजा गेला त्या चौकाला लोक त्याच्या घोड्यावरून पन्नास वर्षे काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तिथे श्रीहरी भोसले यांनी घडवलेला स्वाराविना घोडा आला. राजा नको, पण घोडा आमचा, हा लोकांचा निवाडा त्या शिल्पात आहे. नको झालेले हलवता येते, जपता येते आणि रिकाम्या जागेवर नवे काही घडवता येते, हे या एका चौकाने दाखवले.

शिवाय सगळेच कायमचे असले पाहिजे असे कुठे आहे? लंडनच्या ट्रफाल्गर चौकातला १८४१ पासून रिकामा राहिलेला चौथरा १९९९ पासून तात्पुरत्या शिल्पांसाठी वापरला जातो. एक शिल्प जाते, दुसरे येते. आपल्याला तर ही रीत नवी वाटण्याचे कारणच नाही. वर्गणीतून उभा राहिलेला गणपतीचा देखावा दहा दिवस अख्ख्या वस्तीचा असतो, अनंत चतुर्दशीला त्याचा निरोप ठरलेला असतो, आणि मंडळ जमाखर्चाचा अहवाल छापून घरोघर देते. निवड, निगा, हिशेब आणि विसर्जन, सगळे गल्लीतली पोरे उघडपणे पार पाडतात. पुलाखालच्या जागा, मंडयांच्या भिंती, मैदानांचे कोपरे इथे तीन-तीन वर्षांच्या मुदतीची कामे मागवावीत. मुदत ठरलेली असली की नव्या, धाडसी चित्रकाराला संधी देताना अधिकाऱ्यालाही भीती वाटत नाही.

एक आक्षेप राहतो, आणि तो कलावंतांकडूनच येतो: धोरण आले की परवानग्या आल्या, आणि परवानग्यांनी उत्साह मरतो. २००९ साली तुळशी पाईप रोडच्या रेल्वेलगतच्या भिंतीवर शेकडो नागरिकांनी आपापले चौकोन रंगवले, ते महापालिकेच्या बोलावण्यावरून, फार नियम न लावता. तशी मोकळीक हवीच. प्रत्येक विभागात काही भिंती अशा जाहीर कराव्यात, जिथे कुणीही परवानगीशिवाय रंगवावे आणि त्या चित्राच्या आयुष्याची हमी कुणी मागू नये. पण त्याच भिंतीवरची ती चित्रे पुढे धूळ, पाऊस आणि जाहिरातींनी खाल्ली. त्यांची छायाचित्रे तरी महापालिकेच्या दप्तरात असती तर शहराच्या आठवणीत त्यांना जागा मिळाली असती. नोंद ठेवली म्हणून कुणाचा कुंचला अडत नाही.

आयुक्त महोदय, कायदा बदलायची वाट पाहण्याची गरज नाही. कलेचे लेखाशीर्ष सुशोभीकरणापासून वेगळे करणे आणि कलाकामाला स्थापत्य निविदेऐवजी आराखड्यांवरून निवडीची पद्धत लावणे, ही कामे प्रशासनाच्या प्रस्तावाने आणि सभागृहाच्या ठरावाने होऊ शकतात. रेल्वे, मेट्रो आणि बंदर प्राधिकरणाला आपण एका बैठकीला बोलावू शकता. त्याहीआधी, याच महिन्यात, एक नोंदवही उघडता येईल. शहरातली प्रत्येक कलाकृती तिच्यात यावी आणि ती वही संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावी. पहिल्या पानावर फ्लोरा फाउंटन लिहा: वर्ष १८६४, शिल्पकार जेम्स फोर्सिथ, दगड पोर्टलंड, तैलरंग लावू नये. त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद असू द्या आणि पुढच्या तपासणीची तारीख.

आपला,
मुंबईचा एक रहिवासी